जुनी माउंटन बाइक घ्यायची आहे, उतारासाठी: सल्ला हवा

पर्वरीहून (गोवा), बुधवार रात्री

नमस्कार मंडळी,

मस्कतहून परत येऊन चार महिने झाले. तिकडे मित्रांबरोबर वाळूत आणि खडकांत सायकल चालवायचो, तेव्हापासून डाउनहिलचं वेड लागलंय. उतारावर मात्र अगदी नवखा आहे. वजन ७८ किलो, बजेट ४५ हजार. सध्या दोन जुन्या सायकली डोळ्यांसमोर आहेत.

पहिली पुण्याची. खरी डाउनहिल सायकल, पुढे-मागे २०० मिलिमीटर दबणारं सस्पेन्शन, चाकं २६ इंची, वय दहा वर्षं, ४५ हजार. विकणारा म्हणतो, रविवारपर्यंत अर्धी रक्कम पाठवा नाहीतर दुसऱ्याला देतो. दुसरी मडगावची. हार्डटेल (मागे सस्पेन्शन नाही), पुढे १२० मिलिमीटर, २९ इंची, तीन वर्षांची, ३८ हजार.

मन पहिलीकडे ओढतंय. आपल्या मेलिंग यादीवर कोणी जाणकार असेल तर कृपया सांगा.

आपला, पर्वरीचा नवा सभासद

---

डिचोलीहून, गुरुवार पहाटे

अरे, मेल वाचली आणि लगेच लिहायला बसले. पुण्याला पैसे पाठवू नकोस.

मी नऊ वर्षं व्हँकूव्हरला होते. तिथून दोनेक तासांवर व्हिस्लर. उन्हाळ्यात तिथे स्कीच्या लिफ्टला सायकल अडकवायची, वर जायचं, उतरायचं, पुन्हा लिफ्ट. दिवसाला दहा फेऱ्या सहज व्हायच्या. २०० मिलिमीटरची सायकल अशा जागेसाठी असते. ती वजनदार असते, सीट खाली, गिअर चढाला अपुरे. आपल्याकडे लिफ्ट नाही. टेम्पोत सायकली घालून वर सोडणारा कोणी भेटला तर महिन्यातून एखादा रविवार. एरवी जेवढं उतरायचं तेवढं स्वतःच्या पायांनी चढायचं, आणि तेही एप्रिल-मेच्या घामट हवेत. ती सायकल तुझ्या गॅलरीत उभी राहील रे, मला मनापासून वाईट वाटेल.

शिवाय मागच्या शॉकची सर्व्हिस, सांध्यांची बेअरिंग, २६ इंची चांगले टायर, यांतलं प्रत्येक काम म्हणजे पार्सल बांधून मुंबई नाहीतर बंगळूर. हार्डटेलवर मागचं चाक दगडावर आपटलं की थेट पायांना कळतं. वाट निवडायला पाय त्यातूनच शिकतात. माझं मत मडगावच्या बाजूने, पण सायकल नीट बघून.

आणि बघायला सुरुवात ब्रेकपासून कर. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही पोरं जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावरून खाली सोडायची. ब्रेक मागच्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात), पेडल उलटं दाबलं की लागणारा. एका उतरणीत हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि घरी येऊन नवं भरावं लागायचं. त्यावरून त्या वाटेचं नावच रिपॅक, म्हणजे 'पुन्हा भरणं', पडलं. माउंटन बाइकच्या शर्यती तिथून सुरू झाल्या. उतारावर सगळी ताकद उष्णता होऊन ब्रेकमध्ये जाते, ही गोष्ट आजही तीच आहे.

म्हणून हायड्रॉलिक (आत तेल असलेले) डिस्क ब्रेकच हवेत, तारेचे नकोत. ब्रेकची लिव्हर दाबून मिनिटभर धरून ठेव. हळूहळू हँडलकडे सरकत गेली तर हवा शिरलीय किंवा गळती आहे. शिमानो कंपनीच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल लागतं, स्रॅम कंपनीच्या बहुतेक ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड. कोणी एकाच्या जागी दुसरं भरलं असेल तर आतले सील फुगून खराब होतात, तेव्हा काय भरलंय ते विचार. डिस्कची जाडी व्हर्नियरने (बारीक मापाच्या पट्टीने) मोज. शिमानोची नवी १.८ मिलिमीटर असते, १.५ झाली की बदलायची. तुझ्या वजनाला पुढे १८० मिलिमीटर व्यासाची डिस्क असलेली बरी.

आता फ्रेम. हे मी जिवावर बेतून शिकले, म्हणून सविस्तर लिहिते. माझी पहिली जुनी सायकल मी एका ओळखीच्याकडून घेतली होती. हँडलची नळी आणि खालची तिरकी नळी जिथे जुळतात, त्या वेल्डच्या अगदी खाली एक मोठं स्टिकर होतं. सहा महिन्यांनी चिखल धुताना त्याची कड सुटली. नखाने ओढलं. खाली केसाएवढी काळी रेघ. रंगावरचा ओरखडा असेल म्हणून ओला फडका फिरवला, रेघ गेली नाही. नख आडवं फिरवलं, तर ते अडकलं. त्याच्या आदल्याच रविवारी मी त्या सायकलवर पूर्ण वेगात खाली आले होते. ॲल्युमिनियमला लहान लहान धक्केही साठत जातात, आणि तडा पडला की तो वाढतच राहतो. त्या जागी स्टिकर किंवा नवा रंग दिसला तर काढून बघू द्या म्हण. नाही म्हणाला तर निघून ये. पेडलांच्या कण्याभोवतीचे आणि मागच्या चाकाजवळचे वेल्डही बॅटरीच्या उजेडात बघ.

पुस्तिकेत किंवा फ्रेमवर १ ते ५ अशी वापराची वर्गवारी असते. ३ म्हणजे साधारण ६० सेंटीमीटरपर्यंतच्या उड्या, ४ म्हणजे १२० पर्यंत. हार्डटेल बहुधा ३ निघेल, तुला सध्या पुरे.

फोर्कच्या, म्हणजे पुढच्या चाकाच्या सस्पेन्शनच्या, चकचकीत नळ्यांवर नख फिरव. ओरखडा असेल तर तेल गळणार. आपला जांभ्याचा लाल धुरळा फार बारीक असतो, सीलमध्ये बसतो आणि पॉलिशपेपरसारखा घासतो. दर ५० तासांनी फोर्कचा खालचा भाग उघडून साफ करायचा असतो, तो कधी केला होता ते विचार.

शेवटचं, सायकल कुठे उभी असायची ते विचार. कळंगुट-कोलव्याकडे खाऱ्या हवेत तीन वर्षं उघड्यावर राहिलेली सायकल समुद्रापासून लांबच्या साखळी गावाकडच्या दहा वर्षांच्या सायकलीपेक्षा म्हातारी असू शकते. सीटचा दांडा फ्रेममध्ये गंजून चिकटला असेल तर तो सुटता सुटत नाही. तुझ्यासमोर काढून दाखवायला सांग.

ताई

---

पर्वरीहून, शनिवार संध्याकाळी

ताई, खूप आभार. पुण्याला नाही कळवलं. आज मडगावला जाऊन आलो.

दांडा सहज निघाला, आतून कोरडा आणि स्वच्छ. सायकल घरातच असायची, हॉलमध्ये, मालकाच्या आईने वर चादर घातली होती. वेल्ड सगळे बघितले, रेघ कुठेच नाही. लिव्हर मिनिटभर धरली, जागची हलली नाही. पुढची डिस्क १८० ची, जाडी १.६. चेन पट्टीने मोजली, बारा इंचांवर पिन दीड मिलिमीटर पुढे गेलेली, म्हणजे चेन झिजलीय. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवली तर हँडलच्या बेअरिंगमध्ये टक् असा आवाज आला. फोर्कची सर्व्हिस एकदाही केलेली नाही, मालकाने सरळ सांगितलं. ३४ हजारांपर्यंत आला. घेऊ का?

---

डिचोलीहून, शनिवार रात्री

घे. आवाज बहुतेक वरचा नट आवळला की जाईल, नाहीच गेला तर बेअरिंग बदलू. चेन नवी टाक. डिस्क थोडे महिने चालेल, पण दुसरी आणून ठेव. फोर्क माझ्याकडे आण, पहिली सर्व्हिस मी शिकवते.

वाचलेल्या पैशांतून हेल्मेट घे, आणि ते नवंच. तोंड झाकणारं, फुल-फेस. जुन्या हेल्मेटने एखादा मार आधीच खाल्लेला असेल तर बाहेरून काही दिसत नाही. गुडघ्याचे पॅड जुने मिळाले तरी चालतील.

आणि वाटांबद्दल एक. बंद पडलेल्या खाणींचे रस्ते बघून हात शिवशिवतात, पण तिथल्या कडा पावसात ढासळतात आणि खाली खोल पाणी साठलेलं असतं. तिकडे जायचं नाही. म्हादई अभयारण्यातही वनखात्याच्या परवानगीशिवाय नाही. आमच्या वाड्यामागे सड्यावरून (माथ्यावरच्या सपाट कातळावरून) उतरणारी जुनी गुरांची वाट आहे, जमीनमालकांना मी विचारलेलं आहे. आधी ती चालत उतरू, मग सायकलवर.

पुढच्या रविवारी सकाळी साडेसहाला डिचोलीच्या बसस्टँडवर ये. पंप मी आणते.

ताई