नान्नजला जाणकार सोबत हवाच
'माळावर बघायचंय काय, आपले आपण फिरू' हे मत सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यापुरतं तरी मला पटत नाही. टिटवी उघड्या खडीतच अंडी घालते, मातकट, काळ्या ठिपक्यांची. पायाखाली आली तरी कळत नाहीत. गावातला जाणकार बरोबर असला की तो आधीच हात आडवा धरतो. काळवीट नर एकाच जागी लेंड्या टाकून हद्द राखतो, ते ढीगही हा जाणकारच दाखवतो.

सोलापूर जिल्ह्यातल्याच हत्तरसंग कुडलला मात्र खुशाल आपले आपण जा. भीमा-सीनेचा संगम, १०१८ सालचा मराठी शिलालेख, आसपास ज्वारीची रानं. हुरड्याच्या दिवसांत गेलात तर फारच छान, फक्त पिकात न शिरता बांधावरून चाला.