प्रति: प्रोबायोटिकच्या गोळ्या आणि इम्युनोथेरपी

‘आतड्यातले चांगले जिवाणू वाढले की कॅन्सरचं औषध जास्त लागू पडतं, मग प्रोबायोटिकच्या (म्हणजे अशा जिवंत जिवाणूंच्या) गोळ्या घ्यायला काय हरकत?’ असं वर विचारलंय. पहिला अर्धा भाग पटतो, दुसरा नाही. अमेरिकेत ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर केंद्रातून २०२१ साली मेलॅनोमाच्या (त्वचेच्या एका कॅन्सरच्या) रुग्णांचा अभ्यास आला. इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारा उपचार) चालू असताना रोज किमान २० ग्रॅम फायबर, म्हणजे धान्य-कडधान्य-भाज्यांतला चोथा, पोटात जाणाऱ्यांचा आजार जास्त काळ आटोक्यात राहिला. त्यातही सगळ्यात बरे होते ते प्रोबायोटिक न घेणारे! उंदरांमध्ये तर या गोळ्यांनी उपचाराचा परिणाम चक्क घटला.

रुग्ण सव्वाशेच्या आसपास, त्यामुळे हा काही शेवटचा शब्द नव्हे. पण केमिस्टकडून परस्पर पाकीट आणण्याआधी डॉक्टरांना विचारा. भाकरी-उसळ सोसत असेल तर ती आधी. जुलाब लागले असतील तर मात्र तेही विचारूनच.