गळ टाकून मासा वाचतो का? कावेरीतल्या महसीरवरून चर्चा

नीराकाठी (मूळ धागा)

हौसेनं गळ टाकायचा, मासा ओढायचा, वजन करायचं आणि परत सोडायचा, असं कुणी सांगितलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो: खायचा नाही, तर छळायचा कशाला? मीही बरीच वर्षं हेच म्हणत होतो. माझं मत फिरलं ते कावेरीतल्या वशिंडाच्या महसीरवर झालेलं काम वाचून.

हा मासा पन्नास किलोच्या पुढे जातो. १९४६ साली काबिनी नदीत गळाला लागलेला १२० पौंडांचा होता. इतका मोठा, शिकारी साहेबांच्या काळापासून नावाजलेला. तरी शास्त्रात त्याची नेमकी ओळख २०१८ पर्यंत पटलेली नव्हती. मोयार नदीतले नमुने तपासल्यावर तो टॉर रेमादेवी या जातीचा निघाला. त्या शोधनिबंधात बोर्नमथ विद्यापीठाचे एड्रियन पिंडर आणि केरळचे राजीव राघवन यांच्यासोबत पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेचे नीलेश डहाणूकरही होते. त्याच वर्षी तो 'अतिसंकटग्रस्त' यादीत गेला.

पण तो संपत चाललाय हे आधी कळलं कशावरून? कावेरीकाठच्या गलिबोरे इथल्या हौशी गळवाल्यांच्या छावणीच्या नोंदींवरून. १९९८ ते २०१२, कुणी किती तास गळ टाकला, काय लागलं, वजन किती. जवळपास २३,६०० तास आणि सहा हजारांवर महसीर. पिंडर आणि मंडळींनी हे आकडे मांडले तेव्हा आधी सगळं छान दिसलं, कारण तासाला मिळणारे मासे वाढत होते. जाती वेगळ्या काढल्यावर खरं बाहेर आलं. वाढत होता निळ्या परांचा महसीर. वशिंडाचा कमी होत होता, आणि जो मिळे तो मोठाच. पिल्लं नाहीत. शाळा बंद पडलेल्या गावासारखं, म्हातारे ओट्यावर दिसतात, पोरं कुठेच नाहीत.

अभयारण्यात गळ म्हणजे शिकार, असं ठरवून छावण्या बंद झाल्या. नोंदीही तिथेच थांबल्या. माझं म्हणणं एवढंच की गळाला नियम लावा, नोंद सक्तीची करा, पण सरसकट बंदी नको.

वलगण

नोंदींचं मोल मान्य. पण निळ्या परांचा महसीर कावेरीत आला कुठून, तेही सांगा की. तो आपल्याकडचा. कर्नल साइक्सनं १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून त्याचं वर्णन केलं आणि इथल्या लोकांच्या तोंडचंच नाव दिलं, खुदरी. लोणावळ्याला टाटांच्या वळवणच्या हॅचरीत १९७० च्या दशकापासून त्याचं बीज तयार व्हायला लागलं आणि ते लांबलांबच्या नद्यांत गेलं. हेतू मासा वाचवण्याचाच होता. पण कावेरीत हा पाहुणा घरमालक होऊन बसला. गळवाल्यांना ते खटकलं नाही, कारण दोरी रोज ताणली जात होती. हौसेला मासा हवा असतो, कुठला ते नंतर. उजनीत जाऊन बघा. चिलापी या बाहेरून आलेल्या माशानं धरण भरलंय आणि काठावर सगळे खूश.

नीराकाठी

बीज सोडण्याबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पण पाहुणा घरमालक झाला हे तुम्हाला कळलं कशावरून? त्याच नोंदींवरून.

वलगण

मग नोंद ठेवायला शास्त्रज्ञ नेमा. माशाच्या ओठात लोखंड घालायची काय गरज?

डोह-दोरी

मी गेली चौदा वर्षं गळ टाकतोय, म्हणून बोलतो. छळ होत नाही असं मी म्हणणार नाही. मोठा महसीर गळाला लागला की पहिल्या धावेत रिळावरून शंभर मीटर दोरी जाते, अंगठा भाजतो. पाऊणएक तासानं काठाला येतो तेव्हा त्याचे कल्ले लोहाराच्या भात्यासारखे चालतात. तिथे तुम्ही कसे वागता यावर सगळं आहे. टोकाला उलटा काटा नसलेला गळ लावायचा. हात ओले करायचे, कोरड्या हातानं अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग बुरशी धरते. मासा पाण्याबाहेर काढायचाच नाही. तोंड प्रवाहाकडे करून शेपटीच्या मुळाशी सैल धरायचं. तो स्वतः झटका देऊन निघेपर्यंत सोडायचं नाही.

कॅनडाच्या शॅनन बोवर यांनी कावेरीतच निळ्या परांच्या महसीरवर हे तपासलं होतं. बहुतेकांना गळ तोंडातच लागलेला, गंभीर इजा कमी. मात्र जितका वेळ खेळवला तितकं रक्तात लॅक्टेट, म्हणजे दमल्याची खूण, जास्त, आणि मोठे मासे जास्त थकलेले. म्हणजे ज्याच्यासोबत फोटो काढायची घाई असते तोच जास्त दमलेला असतो. उन्हाळ्यात पाणी तापलं की मी गळ टाकत नाही. हा नियम कायद्यात यावा असं मला मनापासून वाटतं.

काळकाठी

महाडजवळच्या वाळणकोंडाला कुणी गेलंय का? काळ नदीचा डोह, काठावर वरदायिनीचं ठाणं. चुरमुरे टाकले की खालचं पाणी आधी काळसर होतं, मग एकदम तांबूस-सोनेरी पाठी वर येतात. ओठ इतके जाड की चुरमुरा ओढल्याचा 'चुप्' आवाज ऐकू येतो. खवला तळहातात मावेल न मावेल एवढा. देवीचे मासे म्हणून कुणी हात लावत नाही. ना गळ, ना तिकीट, ना छावणी. वाड्याजवळ तिळशाला वैतरणेत तसंच. आजोबांच्या आधीपासून चाललंय ते आपण सोडून साहेबांची हौस का आणायची?

नीराकाठी

काळकाठी, वाळणकोंड मी पाहिलाय आणि हात जोडलेत. पण देवीचा धाक डोहापुरता. मृगाच्या पहिल्या पावसात मासा अंडी घालायला वर चढतो, तेव्हा तो डोहात नसतो. ओढ्याच्या तोंडाशी जाळी लावून अंड्यांच्या गाबोळीसकट वलगणीचे, म्हणजे चढणीचे, मासे आपणच धरतो आणि त्याला सण म्हणतो. वर कुणी जिलेटिनचा बार टाकला तर बोट-बोट पिल्लंही पांढरी होऊन तरंगतात. कर्नाटकात शिशिलाच्या देवळाचे मासे १९९६ मध्ये विष घालून मारले. नुसती श्रद्धा पुरली नाही.

काळकाठी

वलगणीचं बोललात ते लागलं, कारण आमच्या घरीही ती भाजी होते. माझी आई गाबोळी वेगळी काढून धाकट्याला द्यायची. त्या तीन-चार आठवड्यांत चढणीला जाळं नको, हे मी आता गावात बोलतो. ऐकतात थोडेच.

माळावरचा

मला एक अडतंय, त्याचं उत्तर कुणीच दिलेलं नाही. छावणी आली की नदीचा तुकडा पाहुण्यांचा होतो. कावेरीवर पूर्वी चोरून मासे मारणाऱ्यांनाच वाटाडे आणि राखणदार केलं, ते चांगलं झालं, त्यांच्या घरी पगार गेला. पण पगार किती जणांना मिळणार? आमच्या भागातला कातकरी संध्याकाळच्या कालवणासाठी चार मळ्ये, म्हणजे छोटे मासे, धरतो. त्याला उद्या 'राखीव' म्हणून हाकलणार, आणि मुंबईचा माणूस महागडी रॉड घेऊन त्याच डोहात उभा राहणार. मासा वाचेलही. पण मग तो कुणाचा?

डोह-दोरी

हा प्रश्न रास्त आहे. माझ्याकडे सरळ उत्तर नाही. एवढं सांगतो की गळवाला सोडून नदीवर रोज जाणारा दुसरा माणूस तोच कातकरी असतो. कुठल्या डोहात यंदा पिल्लं दिसली, कुठे नाहीत, हे त्याला न विचारता कळतं. राखणीचे पैसे आधी त्याच्या हातात पडायला हवेत, रॉडवाल्याला परवाना त्यानंतर.

वलगण

हे मूळ धाग्यात असतं तर मी इतका भांडलो नसतो. गळाला माझा विरोध अजून आहे.

नीराकाठी

असू द्या. चूक माझी, मी नोंद धरून बसलो आणि नोंद ठेवणाऱ्या माणसाला विसरलो. काळकाठी, मृगाच्या सुमारास वाळणकोंडाला येतोय. डोहाच्या वर दोन किलोमीटर चालायचं, ओढ्यांच्या तोंडाशी काय चढतंय ते लिहून घ्यायचं. वाट दाखवणारं कुणी मिळेल का? मजुरी देईन.

काळकाठी

मिळेल. वाडीवरच्या दोघांना विचारून ठेवतो. गळ मात्र घरी ठेवून या.