घरच्या सर्व्हरसमोर कॅडी ठेवू की एनजिनएक्स?

रंकाळाकाठ: राजारामपुरीत घरी जुन्या लॅपटॉपवर डॉकरमध्ये (प्रत्येक ॲप वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं सॉफ्टवेअर) नेक्स्टक्लाउड (फोटो-फाइली ठेवायला) आणि जेलीफिन (सिनेमे-गाणी बघायला-ऐकायला) चालवतोय. आईबाबांचे सगळे फोटो आता त्यातच ठेवणार आहे, त्यामुळे बाहेरूनही उघडायला हवेत. एक डोमेन, दोन सबडोमेन. बाहेरून आलेली मागणी योग्य ॲपकडे पोचवायला पुढे एक वेब सर्व्हर (रिव्हर्स प्रॉक्सी) हवा, कॅडी किंवा एनजिनएक्स. एनजिनएक्स येतो, पण घरी एचटीटीपीएसच्या सर्टिफिकेटच्या मागे लागायचं नाही. काय घेऊ?

उद्यमनगरवाला: भावा, डोळे झाकून कॅडी घे. एका सबडोमेनला तीन ओळी पुरतात. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं सर्टिफिकेट तो स्वतः आणतो, मुदत संपायच्या आत स्वतःच नवं करतो. एनजिनएक्स दणकट आहे, २००४ पासून जगभर चालतोय. पण त्यात अपलोडची मर्यादा मुळात १ एमबी असते. ती वाढवली नाही की फोनवरचा व्हिडिओ चढवताना ४१३ एरर (फाइल फार मोठी) येते आणि माणूस नेक्स्टक्लाउडमध्ये दोष शोधत बसतो. कॅडीत ही अडचण नाही. फक्त त्याचा डेटा फोल्डर व्हॉल्यूममध्ये (कंटेनरबाहेरच्या कायमच्या जागेत) ठेव, नाहीतर कंटेनर नव्यानं बनवला की सर्टिफिकेटं परत मागितली जातात. असं वारंवार झालं तर लेट्स एन्क्रिप्ट काही काळ नकार देतं.

पंचगंगाघाट: त्याआधी राउटरमधला वॅन आयपी (इंटरनेटवाल्यानं राउटरला दिलेला पत्ता) बघा. १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. मग राउटरमधून वेबचे पोर्ट ८० आणि ४४३ लॅपटॉपकडे कितीही फॉरवर्ड करा, बाहेरून कुणी पोचणार नाही.

रंकाळाकाठ: बघितलं, १००.७२ नंच सुरू होतोय! इंटरनेटवाल्याकडं स्टॅटिक आयपी (स्वतःचा, न बदलणारा सार्वजनिक पत्ता) मागतो.

उद्यमनगरवाला: मिळेपर्यंत लॅपटॉपवर आणि घरच्यांच्या फोनवर टेलस्केल (आपली उपकरणं खासगी नेटवर्कनं जोडणारं ॲप) टाक. फोटो आजपासूनच चढायला लागतील.