शनिवारचं तायांचं प्रशिक्षण: चिकटपट्ट्यांचं काय ठरलं?

बेबीताई (वाचनवर्ग):
मंडळी, आपल्या बर्मिंगहॅमच्या मंडळाच्या रविवारच्या वर्गात आई-बाबांना मुलांसोबत पुस्तक वाचायला मदत करणाऱ्या आम्हा तायांचं प्रशिक्षण शनिवारी २ ते ४, हॉल मागच्या वेळचाच. कपाटातली ३० पुस्तकं लागतील. अडलंय एकाच गोष्टीवर. ज्या घरात आई किंवा बाबांना देवनागरी येत नाही, त्यांच्यासाठी ओळींखाली रोमन अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावायच्या का? उद्या रात्रीपर्यंत सांगा, छापायला टाकते. मागच्या वेळचं पुन्हा नको.

अप्पा (ग्रंथालय):
नाही. पुस्तकं मंडळाची आहेत, वर्गाची नाहीत. लोकांनी २३ किलोच्या बॅगेतून चिवडा मागे ठेवून आणलीत ती. पट्टी काढायला गेलं की सोबत कागद येतो. शिवाय रोमनमध्ये ‘मला’, ‘माला’ आणि ‘मळा’ तिन्ही एकच दिसतात. पोरांनी काय वाचायचं? किल्ली माझ्याकडे आहे.

बंड्या:
ते ‘ज्या घरात’ म्हणजे आमचं घर. बायको मदुराईची, मी रात्रपाळीला, लेक ३ वर्षांची. झोपताना लेकीला पुस्तक वाचून दाखवणार तर बायकोच. पट्टी नसेल तर पुस्तक बंदच राहणार.
आणि अप्पा, देवनागरीचं एवढं कौतुक, तर ‘चमचा’तला च आणि ‘चहा’तला च वेगळा कुठे लिहितो आपण? ‘जग’ लिहिलं की दुनिया की पाण्याचा जग, हे आधीच ठाऊक असलेल्यालाच कळतं.

माई:
च वरून आठवलं, आमची नात ‘चमचा’ म्हणते तो अगदी ‘चीज’मधल्या च ने. हसायचं नाही अशी सूनबाईंची ताकीद आहे. ती तान्ही असताना इथल्या नर्सबाईंनी फुकट पुस्तकांची पिशवी दिली होती, बुकस्टार्टची. आपल्या बर्मिंगहॅमलाच सुरू झालं ते, १९९२ साली, ३०० बाळांपासून. पण पिशवीत मराठी कुठून असणार!
शनिवारी चहाचं कोण बघतंय? मागच्या वेळी दूध संपलं होतं.

छोटू:
पट्टी हा मुद्दाच नाही. १९८८मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर पावणेदोन ते तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना शिकवलं ते साधं होतं. ‘हे काय आहे?’वर थांबू नका, ‘हा काय करतोय?’ विचारा. मूल ‘भू भू’ म्हणालं तर ‘हो, काळा भू भू पळतोय’ म्हणा आणि त्यालाही म्हणू द्या. महिनाभर घरी असं वाचल्यावर ती मुलं भाषेच्या चाचण्यांत पुढे गेली. पुढे १९९४मध्ये हेच पालकांना व्हिडिओ दाखवून शिकवलं, तर समोर बसून शिकवण्यापेक्षा बरं निघालं. आपणही एक व्हिडिओ करू. हॉलचं भाडंही वाचेल.

बेबीताई:
छोटू, मग आम्ही ताया कशाला, चहाला?
आता सांगतेच. मागच्या वेळी पहिल्या रविवारी ११ घरं आली, तिसऱ्या रविवारी ४. मीटिंगमध्ये सगळे म्हणाले पार्किंगमुळे. पार्किंगमुळे नाही. एक बाबा छान रंगवून वाचत होते, ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणाले, आणि ताईने तिथल्या तिथे दुरुस्त केलं, लेकाच्या देखत. पुढच्या पानावर तो लेकच बाबांना म्हणाला, ‘तू नको, ताईला दे.’ ती ताई मीच. ते घर परत आलं नाही, आणि त्यांच्या ओळखीची दोन घरंही.
खोड आमचीच आहे. पुस्तक हातात आलं की आम्ही आवाज काढून वाचायला लागतो, मुलं आमच्याभोवती, आणि आई-बाबा भिंतीला टेकून फोन बघत. वर्ग झकास होतो, घरी मात्र कुणी पुस्तक उघडत नाही.
म्हणून शनिवारी जोड्या लावणार. एक ताई पालक होईल आणि मुद्दाम चुका करत वाचेल. दुसरीने ५ मिनिटं हात मागे बांधून बसायचं. पुस्तकाला हात नाही, ‘असं नाही, असं’ नाही. सांगायचंच असेल तर मूल खेळायला पळाल्यावर, आणि तेही आधी ‘कुठल्या पानावर रमला तो?’ असं विचारून. मी घरी करून पाहिलं, दुसऱ्या मिनिटाला तोंड उघडलं.
बंड्या, वहिनी चित्रं दाखवून तमिळमध्ये बोलल्या तरी चालेल हं.

बंड्या:
तमिळमध्ये ती बोलतेच, ताई, त्याला वर्गाची परवानगी नकोय. तिला मराठी वाचायचंय. लेकीला मराठी यावं म्हणून, आणि खरं सांगायचं तर माझ्या आईशी फोनवर चार वाक्यं जास्त बोलता यावीत म्हणून. पट्टी कायमची नको, अक्षरं लागेपर्यंत हवी.

अप्पा:
प्रथम बुक्स प्रकाशनाच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी पुस्तकं आहेत, खुल्या परवान्याची. लेखक-चित्रकाराचं श्रेय ठेवून छापायला कुणाला विचारावं लागत नाही. पहिल्या पातळीची घ्या, पानाला एखादं वाक्य असतं. त्यावर रोमन लावा, तमिळ लावा. कपाटातल्यांना पट्टी नाही.
आणि बेबीताई, ‘पानी’त दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. आमच्या अकोल्याकडे पानीच म्हणतात. माझी आई जन्मभर पानीच म्हणाली. त्या बाबांचा नंबर असेल तर मला पाठवा, मी बोलतो.
रंगीत छपाईचे पैसे कोण देणार?

बंड्या:
माझ्या ऑफिसात रात्री प्रिंटर रिकामाच असतो.

खजिनदार:
असलं लिस्टवर लिहू नका. गणपतीतले थोडे उरलेत, त्यातून १० पुस्तकं होतील. पावती हवी.

बेबीताई:
१० तर १०. बंड्या, वहिनींना विचारून कुठली हवीत ते कळव. अप्पा, नंबर पाठवते. किल्ली घेऊन दीडला या.

माई:
दुधाचं अजून कुणीच सांगितलं नाही.