हील हुकला ‘फक्त टॅप’? असं शिकवू नका राव

खडूस_खार: हील हुक म्हणजे जिउ-जित्सूत (जमिनीवर लॉक लावून हरवायची कुस्ती) टाच धरून गुडघा पिळायचा डाव, आणि टॅप म्हणजे थाप मारून हार मानणं. काल इथे एकाने लिहिलं, ‘हील हुक लागला की इलाज एकच, टॅप. सुटका शिकण्यात वेळ घालवू नका.’ डोकं फिरलं म्हणून लिहितोय. टाच समोरच्याच्या कोपरात बसली आणि पाय जखडला की टॅप, मान्य. पण तिथवर पोचेपर्यंत चार चुका झालेल्या असतात, त्यांचं काय? त्याच्या मांड्यांनी तुमचा गुडघा चिमटला की तुम्ही अडकलात. तोच गुडघा चिमट्यातून निसटला तर टाच हातात असूनही पिळाला जोर राहत नाही. म्हणून आधी गुडघा. टाच लपवा, दोन्ही हातांनी त्याचं एक मनगट पकडून ठेवा. घाबरून पाय खेचलात तर टाच आपल्याच हाताने त्याला नेऊन देता.

परळ_पूर्व: साहेब, व्हिडिओत छान दिसतं हे. माझं लिगामेंट असंच गेलं. ‘सुटतोय, सुटतोय’ करत गर्रकन फिरलो, तेही पिळाच्या उलट. दुखलंसुद्धा नाही, नुसता ओला दोर तुटल्यासारखा आवाज. पुढे चार महिने दादरच्या पुलावर एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरलो, मागून पब्लिकच्या शिव्या. नवख्याला टॅपच शिकवा.

खडूस_खार: उलट फिरलात, हेच तर म्हणतोय! हे कुणी शिकवलं असतं तर पूल धडधडत उतरला असता.

लाल_माती: आमच्याकडे पाठ टेकली की कुस्ती संपली. तुम्ही बूड घासत पुढे सरकता आणि पायाला लोंबकळता. ही काय कुस्ती?

सांताक्रूझ_स्लो: काका, जांबुवंती कुस्ती ऐकलीय का? सांधे जखडायचाच प्रकार तो. मातीचं कौतुक करताना तेवढं बरं विसरता.

लाल_माती: ऐकलीय, तू जन्मायच्या आधी. पण आमच्या वस्तादांनी महिन्याची फी मागितली नाही कधी. तुमच्याकडे मॅटवर पाय ठेवायचे पैसे!

सांताक्रूझ_स्लो: मुंबईत जागेचं भाडं बघा आधी. आणि फुकटच्या तालमीत मुलं किती उरलीत?

लाल_माती: मुलं कमी झाली ती गिरण्या गेल्या म्हणून. त्यात मातीचा काय दोष? तोंड सांभाळून.

माहीम_मॅट: भांडण पुरे. आमच्या क्लासात पायाचे लॉक ‘डेंजर’ म्हणून दोन वर्षं बंद. मग पहिल्याच स्पर्धेत साधा अँकल लॉक, म्हणजे घोट्याचा लॉक, बसला आणि मी बघत राहिलो. बूट घालताना दाबतो तसं पाऊल आत दाबून वर चढायचं असतं, हे हरल्यावर कळलं. २०२१ पासून जिउ-जित्सूच्या स्पर्धा भरवणाऱ्या आयबीजेजेएफनेसुद्धा नो-गीत (जाड डगला न घालता खेळतात ते) ब्राऊन आणि ब्लॅक बेल्टना हील हुकची मुभा दिलीय. झाकून किती दिवस ठेवणार?

परळ_पूर्व: ब्राऊन आणि ब्लॅक! तीन महिन्यांच्या पोराला नाही, स्वतःच लिहिलंस.

खडूस_खार: मारायला नका शिकवू, सुटायला शिकवा. पार्टनरने हळू पकडायचं, पीळ शून्य, फक्त गुडघा सोडवायचा.

परळ_पूर्व: बरं बाबा, शून्य पिळावर शिकवा, माझा गुडघा त्यातून परत येणार असेल तर. पण दोन्ही हात मनगटावर असले तर टॅप कशाने करायचा?

खडूस_खार: तोंडाने. ओरडायचं.

परळ_पूर्व: ते जमेल. पुलावर रोज सराव व्हायचा.