पाट नको, ओटाच खाली घ्या

ताई, सैपाकाचा ओटा तुम्हाला उंच पडतो म्हणून पायाखाली पाट घ्या, असं इथं दोघातिघांनी सुचवलंय. मला ते पटत नाही. उकळत्या वरणाचा गंज उतरवताना पाटावरून पाय घसरला तर?

आमच्या यवतमाळकडं मिस्त्री कोणाला न विचारता ३३-३४ इंचांचा ओटा घालून मोकळा होतो. सैपाक करणारी बाई पावणेपाच फुटांची असली, तर तिचं कोपर साधारण ३६ इंचांवर येतं. ओटा कोपराच्या ४ ते ६ इंच खाली हवा, म्हणजे ३०-३२. त्यावर शेगडीची उंची वेगळीच! माझी जाऊ पोळ्या लाटताना खांदे वर उचलून धरायची. रात्री मान दुखायची, आणि घरच्यांना वाटायचं, वावरात निंदण करून दुखत असेल. नवीन घर बांधताना तिलाच उभं करून मापं घेतली, शेगडीची जागा अजून एक वीट खाली घेतली. तिखट-मिठाचे डबेही खालच्या फळीवर आले.

उंच माणसांना वाकावं लागेल, असं घरचे म्हणतील. वाकू द्या, रोज सैपाक कोण करतं? मिस्त्री "असाच असते ओटा" म्हणेल, त्याचं ऐकू नका. कडप्पा बसायच्या आधी स्वतः टेप घेऊन उभ्या राहा.